चेहरे बदलले, पण राग कशाचा? ‘डॅड्स आर्मी’च्या रीमेकचं प्रकरण

५ फेब्रुवारी २०१६ला ब्रिटनमधल्या चित्रपटगृहांत ‘डॅड्स आर्मी’ लागला. याच नावाची बीबीसीची विनोदी मालिका ३१ जुलै १९६८ ते १३ नोव्हेंबर १९७७ या काळात चालली होती. नऊ पर्वं, ८० भाग. मूळ संचातले बहुतेक नट एव्हाना गेलेले होते, मालिका मात्र गेलेली नव्हती. बीबीसी टूवर शनिवारी संध्याकाळी जुने भाग लागायचे आणि मालिका संपल्यानंतर जन्मलेली माणसंही घरच्यांसोबत बसून ते बघायची. अशा मालिकेवर नवे नट घेऊन चित्रपट काढायचा म्हटल्यावर चाहते भडकणार हे उघड होतं, आणि ते भडकलेही. पण ते नेमके कशावर भडकले? घोषणेच्या वेळचा राग आणि चित्रपट पाहिल्यानंतरचा राग एकच होता का? हे तपासायला हवं, कारण अशा वेळी सगळं खापर चाहत्यांच्या जुन्याला चिकटून राहण्यावर फोडलं जातं. या प्रकरणात ते खापर तिथे टिकत नाही असं माझं मत आहे.

मालिकेत मुळात काय होतं

१४ मे १९४० रोजी ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून आवाहन केलं. नियमित सैन्यात नसलेल्या १७ ते ६५ वयाच्या पुरुषांनी गावोगावच्या संरक्षणासाठी नाव नोंदवावं, जर्मन कधीही उतरू शकतात. या दलाचं आधीचं नाव ‘लोकल डिफेन्स व्हॉलंटिअर्स’. जुलैमध्ये ते ‘होमगार्ड’ झालं. सुरुवातीला बंदुका पुरेशा नव्हत्या, गणवेश नव्हते, होती ती बरीचशी पहिल्या महायुद्धातून परतलेली म्हातारी माणसं आणि सैन्यात जायचं वय न झालेली पोरं. जिमी पेरी त्या पोरांपैकीच एक. पुढे त्यांनी डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासोबत ही मालिका लिहिली, तेव्हा त्यातली माणसं त्यांनी जवळून पाहिलेली होती.

गोष्ट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वॉल्मिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक गावातली. बँकेचा मॅनेजर जॉर्ज मॅनरिंग स्वतःच स्वतःला कॅप्टन नेमतो. त्याच्याच बँकेतला हेडक्लार्क आर्थर विल्सन सार्जंट होतो. खाटीक जोन्स, मयतीचं सामान पुरवणारा फ्रेझर, निवृत्त आणि हळवा गॉडफ्री, काळाबाजार करणारा वॉकर आणि आईच्या पदराखालचा पाइक अशी बाकीची पलटण. मेख अशी की मॅनरिंग साध्या घरातून, घासून वर आलेला, तर विल्सन उच्चकुलीन, उत्तम शाळेत शिकलेला, आळशी आणि मोहक. हुद्दा एकाकडे आणि ऐट दुसऱ्याकडे. मॅनरिंगला हे दर मिनिटाला बोचतं. विल्सन आवाज न चढवता ‘हे शहाणपणाचं ठरेल का, सर?’ एवढंच विचारतो आणि मॅनरिंगचा फुगा फुटतो. आर्थर लो आणि जॉन ल मेझरर यांनी नऊ वर्षं याच एका नात्यातून विनोद काढला. प्रत्यक्षात ल मेझरर युद्धकाळात सैन्यात कॅप्टनपदापर्यंत पोहोचले होते, हे कळल्यावर तर या जोडीची मजा वाढतेच.

मालिकेतला सगळ्यात गाजलेला प्रसंग १९७३च्या एका भागातला आहे. पकडलेला जर्मन पाणबुडीचा कप्तान वहीत नावं टिपून घेतोय, युद्ध जिंकल्यावर हिशेब चुकता करायला. पाइकने त्याला डिवचल्यावर तो पाइकचं नाव विचारतो आणि मॅनरिंग तत्काळ ओरडतो, ‘पाइक, नाव सांगू नकोस!’ वाक्य कागदावर साधंच आहे. हसू येतं ते मॅनरिंग कोण आहे हे आपल्याला पाच वर्षं माहीत असल्यामुळे. आपल्या माणसाला वाचवायची त्याची धडपड खरी आहे, हुकूम सोडायची हौसही खरी आहे, आणि दोन्ही एकाच वेळी उफाळल्यामुळे तो पोराचा घात करतो. शत्रू समोर बसलाय, पण विनोद शत्रूवर नाही. त्याच भागात कैद्यांसाठी मासे आणि चिप्स मागवायचे असतात आणि कप्तान चिप्स लिबलिबीत नकोत म्हणून अटी घालतो. जर्मन आले तरी ते गावाच्या खोलीत आले, मॅनरिंगच्या अब्रूचा प्रश्न बनून आले.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण चाहत्यांची माया तिच्यापाशी येऊन थांबते. या नटांनी युद्ध पाहिलं होतं. गॉडफ्रीचं काम करणारे आर्नल्ड रिडली १९१६मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत जबर जखमी झाले होते. फ्रेझर झालेले जॉन लॉरी पहिल्या महायुद्धात लढले होते. जोन्स झालेले क्लाइव्ह डन दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते. मालिका सुरू झाली तेव्हा युद्ध संपून जेमतेम २३ वर्षं झाली होती. त्यामुळे बीबीसीतच धाकधूक होती: निर्वासित आणि सैनिकांची खरी चित्रफीत शीर्षकांमागे वापरायला वरिष्ठांनी हरकत घेतली, म्हणून ती नकाशावरच्या बाणांची प्रसिद्ध शीर्षकं आली. लोकांच्या त्यागाची टिंगल होतेय असं कुणाला वाटू नये ही भीती होती. पेरी आणि क्रॉफ्ट यांनी ती टिंगल कधीच होऊ दिली नाही. शेवटच्या भागात पलटण होमगार्डच्या नावाने पेले उंचावते आणि थेट प्रेक्षकाकडे बघते. तिथे कुणी हसत नाही.

पहिली लाट: ‘हात लावू नका’

२०१४मध्ये नव्या चित्रपटाचा संच जाहीर झाला. दिग्दर्शक ऑलिव्हर पार्कर, पटकथा हॅमिश मॅकॉल यांची. टोबी जोन्स मॅनरिंग, बिल नाय विल्सन, टॉम कोर्टनी जोन्स, मायकल गॅम्बन गॉडफ्री, बिल पॅटरसन फ्रेझर, डॅनियल मेझ वॉकर, ब्लेक हॅरिसन पाइक. शिवाय कॅथरीन झेटा-जोन्स एका नव्या भूमिकेत.

या टप्प्यावरचा विरोध अगदी सरळ होता: जे परिपूर्ण आहे ते पुन्हा कशाला करायचं? आर्थर लोच्या जागी दुसरं कुणी कसं चालेल? नॉरफकमधल्या थेटफर्डमध्ये, जिथे मालिकेचं बाह्यचित्रीकरण व्हायचं, तिथे २०१०मध्ये कॅप्टन मॅनरिंगचा पुतळा बसवलाय. बाकावर बसलेला, शेजारी बसून फोटो काढता येईल असा. ज्या पात्राचा पुतळा आहे, त्याचा चेहरा ठरून गेलेला असतो. आर्थर लो आणि मॅनरिंग हे लोकांच्या मनात दोन राहिलेलेच नव्हते.

तरीही या लाटेत एक फट होती, ती दुर्लक्षून चालणार नाही. संच ऐकल्यावर बऱ्याच जणांचा सूर तिथेच बदलला. ‘करायचाच असेल तर हेच नट हवेत’ असं म्हणणारे चाहते कमी नव्हते. टोबी जोन्सची ठेंगणी, ताठ चण आणि बिल नायची ढिली ऐट यांत त्या जोडीचं गणित जमण्यासारखं होतं. मूळ संचातले इअन लॅव्हेंडर आणि फ्रँक विल्यम्स हे दोघेही चित्रपटात होते. विल्यम्स यांना त्यांचीच पाद्रीची भूमिका मिळाली आणि एकेकाळचे पाइक असलेले लॅव्हेंडर ब्रिगेडियर झाले. चाहत्यांनी याकडे निर्मात्यांनी घेतलेला आशीर्वाद म्हणूनच पाहिलं.

चित्रपट येण्याच्या काही आठवडे आधी, डिसेंबर २०१५मध्ये, बीबीसी टूने ही मालिका कशी जन्माला आली त्यावर एक नाट्यपट दाखवला. त्यात जॉन सेशन्स आर्थर लो झाले, ज्युलियन सँड्स ल मेझरर. म्हणजे इथेही तेच चेहरे दुसऱ्यांनी घेतले होते, त्यांची लकबही उचलली होती, पण त्याचं स्वागत झालं. ‘आम्ही त्यांच्याबद्दल सांगतोय’ आणि ‘आता आम्हीच ते’ या दोन दाव्यांतला फरक लोकांना पटकन कळतो.

दुसरी लाट: चित्रपट पाहिल्यावर

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर ब्रिडलिंग्टनच्या जुन्या भागात गाव उभं केलं होतं, आणि ते छान दिसतं. नट छान आहेत. टीकाकारांनी आणि चाहत्यांनी जवळपास एकमुखाने हे मान्य केलं. घोषणेच्या वेळी ज्या गोष्टीची भीती होती, ती गोष्ट पहिल्या काही मिनिटांतच निकालात निघाली. टोबी जोन्सला मॅनरिंग म्हणून लोकांनी स्वीकारलं. मग निराशा कशाची?

कथा १९४४ची आहे. दोस्त राष्ट्रं फ्रान्सवर उतरायच्या तयारीत आहेत, वॉल्मिंग्टनमधून बर्लिनला रेडिओ संदेश जातायत, म्हणजे गावात हेर आहे. त्याच वेळी रोझ विंटर्स नावाची देखणी पत्रकार पलटणीवर लेख लिहायला येते. सगळे तिच्यावर भाळतात. हेर तीच असते. शेवटी किनाऱ्यावर जर्मन पाणबुडी येते आणि पलटण खरोखरची लढाई लढते.

माझ्या मते सगळी अडचण या सालापासून सुरू होते. मालिका १९४०मध्ये सुरू होते, जेव्हा डंकर्कहून सैन्य माघारी आलंय आणि आक्रमण खरंच होईल असं सगळ्यांना वाटतंय. मूठभर म्हातारे आणि एक पोरगं हातात झाडूचे दांडे घेऊन किनारा राखतायत, हे हास्यास्पद आहे आणि त्याच वेळी अंगावर काटा आणणारंही, कारण जर्मन आले असते तर ही माणसं मागे हटली नसती. मॅनरिंग मूर्ख आहे, भित्रा नाही. १९४४मध्ये ते आक्रमण टळलेलं आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात होमगार्डला कार्यमुक्त केलं गेलं. म्हणजे ज्या भीतीवर मालिकेतला विनोद उभा होता तीच काढून घेतली, आणि ती पोकळी भरायला हेर, प्रेमप्रकरण आणि गोळीबार आणावा लागला.

मूळ मालिकेत बहुतेक वेळा काहीच घडत नाही. माणसं चर्चच्या सभागृहात थांबलेली आहेत. कवायत, चहा, पाद्र्याशी जागेवरून भांडण, हवाई हल्ल्याचा वॉर्डन हॉजेस याची कुरापत. शत्रू येणार येणार म्हणत येत नाही, आणि त्या वाट पाहण्यात माणसं उघडी पडत जातात. चित्रपटाला शंभर मिनिटांचं कथानक हवं होतं. कथानक पुढे ढकलायचं म्हणजे मॅनरिंगने विल्सनकडे बघून थांबायचं, तोंड उघडायचं, मिटायचं, यासाठी वेळ उरत नाही. चाहते ‘विनोद कमी पडला’ म्हणाले तेव्हा त्यांना माझ्या समजुतीने हे थांबणंच हवं होतं. सगळ्यांच्या तोंडी बसलेली ठरलेली वाक्यं चित्रपटातही येतात, पण मालिकेत ती पात्राच्या नाइलाजातून फुटायची. खाटीक जोन्स ‘घाबरू नका’ म्हणून ओरडतो कारण सगळ्यांत जास्त तोच घाबरलेला असतो. ते वाक्य प्रेक्षकाला ओळखीची खूण म्हणून दिलं की टाळी मिळते आणि हसू हुकतं.

दुसरा वाद होता मॅनरिंगच्या बायकोचा. ८० भागांत एलिझाबेथ मॅनरिंग एकदाही समोर आली नाही. फोनवर तिचा धाक कळायचा. एका भागात हवाई हल्ल्याच्या निवाऱ्यात वरच्या बाकड्याला तिच्या वजनाने आलेला फुगवटा दिसतो, बस. चित्रपटात ती दिसते: फेलिसिटी मॉंटॅगू यांनी उभी केलेली दणकट, हुशार बाई, गणवेशातल्या स्त्रियांची पुढारी. काही चाहत्यांना हा अक्षम्य गुन्हा वाटला. इथे मी त्यांच्या बाजूने पूर्ण उभा राहू शकत नाही. मालिकेत बायका कडेलाच होत्या, आणि युद्धकाळात बायकांनी केलेल्या कामाच्या मानाने ते चित्र अपुरं होतं. सारा लँकशायर, ॲलिसन स्टेडमन यांच्यासारख्या अभिनेत्री घेऊन चित्रपटाने ते भरून काढायचा प्रयत्न केला, हे योग्यच होतं. पण त्यासाठी एलिझाबेथच का? मॅनरिंग घराबाहेर इतका हुकूमशहा का वागतो याचं उत्तर तिच्या न दिसण्यात होतं. ती समोर आली की ती एक बाई उरते, मग त्याच्या डोक्यावरचं ओझं कुठे गेलं? पाइकची आई होती, खाटीक जोन्सची मैत्रीण मिसेस फॉक्स होती, हव्या तितक्या नव्या बायका आणता आल्या असत्या. चाहत्यांनी इथे ज्या गोष्टीकडे बोट दाखवलं, ती गोष्ट खरी होती. काहींनी ते ‘बायका कशाला हव्यात’ या शब्दांत मांडलं, आणि त्यामुळे त्यांचा चांगला मुद्दा हकनाक वाया गेला.

चित्रपट आवडलेलेही पुष्कळ होते, विशेषतः आजी-आजोबांना घेऊन दुपारच्या खेळाला गेलेले. नायच्या विल्सनवर, गॅम्बनच्या विसराळू गॉडफ्रीवर त्यांनी मनापासून प्रेम केलं. त्यांचं हसणं खोटं नव्हतं.

चेहरे विरुद्ध लिखाण: इतर तीन प्रयत्न

चेहऱ्यांचा मुद्दा तपासायला या मालिकेच्या इतिहासात तीन उत्तम दाखले आहेत, म्हणूनच हे प्रकरण मला इतर रीमेकपेक्षा बोलकं वाटतं.

पहिला १९७१चा. मालिका ऐन भरात असताना कोलंबिया कंपनीने तिच्यावर चित्रपट काढला, दिग्दर्शक नॉर्मन कोहेन. लेखक पेरी आणि क्रॉफ्टच, नट जवळपास सगळे तेच. पाइकच्या आईच्या भूमिकेत जॅनेट डेव्हिस यांच्याऐवजी लिझ फ्रेझर आल्या आणि चित्रीकरण थेटफर्डऐवजी चॅलफंट सेंट जाइल्सला झालं. तरी चाहते आजही त्याला मालिकेच्या खालीच ठेवतात. कारण तोही मोठा झाला: पूल, घोडा, नदी, धावपळ, आणि शेवटी गावाला ओलीस धरणारे जर्मन. खरे चेहरे असूनही मोठ्या पडद्याने जे केलं, तेच ४५ वर्षांनी नव्या चेहऱ्यांसोबत केलं.

दुसरा दाखला माझ्या मुद्द्याला थोडा अडवणारा आहे, आणि तो लपवणं बरोबर होणार नाही. १९७६मध्ये अमेरिकेत एबीसीने पाणबुडीच्या त्याच प्रसिद्ध भागावरून ‘द रिअर गार्ड’ नावाचा नमुना भाग केला. म्हणजे लिखाण बऱ्यापैकी मूळचंच होतं. मालिका झालीच नाही. तेव्हा नुसती जुनी संहिता हाती असून भागत नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावर आक्रमण येऊन ठेपल्याची ती भीती नव्हती, आणि हुद्दा-कूळ यांतली ती इंग्लिश ठसठसही नव्हती. सांगाडा गेला, रक्त राहून गेलं.

तिसरा दाखला निर्णायक आहे. त्या काळी बीबीसी ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरायची. १९६९च्या दुसऱ्या पर्वातले काही भाग असेच गेले. त्यांतले दोन २००१मध्ये सापडले, तीन आजही गायब आहेत. ऑगस्ट २०१९मध्ये गोल्ड वाहिनीने ते तीन भाग मूळ संहितांवरून नव्याने केले: केविन मॅकनॅली मॅनरिंग, रॉबर्ट बॅथर्स्ट विल्सन, केविन एल्डन जोन्स, टिमथी वेस्ट गॉडफ्री. दिग्दर्शक बेन केलेट. स्टुडिओ, प्रेक्षक, तेच सभागृह, तीच लांबी. एकही चेहरा मूळचा नाही. आधी कुरकुर झाली, पण भाग पाहिल्यावर ती बरीचशी विरली आणि स्वागत उबदार झालं. लोच्या आवाजाचा पीळ मॅकनॅलीने उचलला होता, पण चाहत्यांना भावली ती त्या संहितेबद्दलची निष्ठा. हरवलेलं काहीतरी परत मिळत होतं. आधीच हाती असलेल्या गोष्टीची जागा कुणी घेत नव्हतं.

हे चारही प्रयत्न शेजारी ठेवले की चाहत्यांच्या वागण्यात विसंगती दिसत नाही. ‘दुसरा नट चालणार नाही’ हे वाक्य त्यांनी आधी उच्चारलं, कारण चित्रपट दिसायच्या आधी हाती फक्त नावंच होती. नावं हीच माहिती असताना माणूस नावांवरच बोलणार. चित्रपट दिसल्यावर त्यांनी तो मुद्दा मागे ठेवला आणि कथेवर बोट ठेवलं. नाटकात मूळ नट गेल्यावर भूमिका दुसरा नट करतो, लोक कुरकुरत तिकीट काढतात आणि संहिता शाबूत असेल तर दुसऱ्या अंकापर्यंत सामील झालेले असतात. दूरदर्शन संचावरच्या पात्रांना ही सवलत सहज मिळत नाही, कारण जुना प्रयोग रोज उपलब्ध असतो. पण सवलत अजिबात मिळत नाही हे खरं नाही, २०१९ने ते दाखवून दिलं.

निर्मात्यांनी काय करायला हवं होतं? जास्त धाडस नव्हे, जास्त विश्वास. १९४०चा एखादा आठवडा, एक सभागृह, एक अफवा आणि ती खरी की खोटी हे ठरवण्यात दोन माणसांची झालेली दमछाक, एवढ्यावर शंभर मिनिटं निघाली असती, कारण टोबी जोन्स आणि नाय यांच्याकडे ती ताकद होती. मोठ्या पडद्याला मोठी घटना लागतेच, हा समज या चित्रपटाला सगळ्यात महाग पडला.

हरवलेल्या तीन भागांपैकी एकात मॅनरिंगला जोन्स आणि फ्रेझर यांच्यातून एकाला कॉर्पोरलचा हुद्दा द्यायचा असतो. तो फ्रेझरला बढती देऊन बघतो, आणि फ्रेझर ज्याच्या-त्याच्यावर आरोपपत्रं काढत सुटतो. बस एवढीच गोष्ट. मॅकनॅली आणि फ्रेझर झालेले डेव्हिड हेमन यांनी ती उत्तम केली. पण टोबी जोन्स, टॉम कोर्टनी आणि बिल पॅटरसन यांना त्याच अर्ध्या तासात, त्याच सभागृहात, पाणबुडीशिवाय बघायला मिळायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.